घरबसल्या डॉलर मिळवून देणाऱ्या एका ॲपचा पाच महिन्यांचा अनुभव

अमळनेर येथील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी पुस्तपालन आणि लेखाकर्म शिकवतो. रोजकीर्दीतील प्रत्येक नोंदीखाली स्पष्टीकरण लिहिल्याशिवाय पूर्ण गुण मिळणार नाहीत, असे गेली बावीस वर्षे मुलांना बजावत आलेल्या माणसाने १,८५,००० रुपये अनोळखी खात्यांत पाठवले आणि त्यांतील एकाही नोंदीचे स्पष्टीकरण मागितले नाही, हे या परीक्षणाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलेले बरे. ज्या ऑनलाइन फॉरेक्स, म्हणजे परकीय चलनाचे सौदे करून देणाऱ्या, ब्रोकरची सेवा मी जुलै ते नोव्हेंबर २०२५ या काळात वापरली, त्याचे नाव येथे देत नाही. एवढ्या काळात त्याने संकेतस्थळाचा पत्ता दोनदा आणि ॲपचे नाव एकदा बदलले, त्यामुळे जुने नाव सांगून कोणाचा फायदा होईल असे मला वाटत नाही. पद्धत मात्र पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकच होती, म्हणून तिच्याविषयी लिहितो.

ओळख करून दिली ती रावेर तालुक्यात केळी पिकवणाऱ्या माझ्या शालकाने. "दाजी, नुसते ऐकून तर या, पैसे कोणी मागत नाही," असे म्हणून तो मला आषाढातल्या एका रविवारी जळगावला घेऊन गेला. एका व्यापारी संकुलाच्या तिसऱ्या मजल्यावर शंभरेक माणसे जमली होती. त्यांत शिक्षक होते, रेल्वेतून निवृत्त झालेले भुसावळचे काही जण होते, कृषी केंद्रवाले होते आणि नुकतीच पदवी घेतलेली बरीच मुले होती. मी अमळनेरचा आहे हे कळताच वक्त्याने विप्रोचा दाखला दिला. १९४५ साली आमच्या गावात वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झालेल्या त्या कंपनीचे शेअर ज्या घरांनी घेतले आणि जपून ठेवले, त्यांची पुढे कशी भरभराट झाली हे अमळनेरात लहान मुलालाही ठाऊक असते, आणि ज्यांच्या आजोबांनी ते घेतले नाहीत त्यांच्या घरी ती हळहळ अजून सणावाराला निघते. माझे घर या दुसऱ्या प्रकारचे आहे, हे वक्त्याने माझ्या चेहऱ्यावरून ओळखले असावे.

त्या वेळी जे सुचले नाही ते आता लिहितो. शेअर घेणाऱ्याच्या वाट्याला एका चालत्या कारखान्यातील हिस्सा येतो. फॉरेक्सच्या या व्यवहारात मात्र तुमच्या मालकीचे काहीच होत नाही, एका चलनाचा भाव दुसऱ्याच्या तुलनेत चढेल की उतरेल यावर लावलेली ती पैज असते. शिवाय अशा ब्रोकरकडे ती पैज बहुधा बाजाराशी लागलेलीच नसते. ग्राहकाचा सौदा पुढे न पाठवता ब्रोकरने स्वतःच्या अंगावर घेणे, याला धंद्यातले लोक बी-बुक म्हणतात, आणि त्यात ग्राहकाचा तोटा हाच ब्रोकरचा नफा ठरतो. नियामकाच्या देखरेखीखालील काही ब्रोकरही असे करतात, परंतु तेथे त्यांचा हिशेब तपासणारा कोणीतरी डोक्यावर असतो.

सेवेत जे चांगले होते तेही नोंदवणे योग्य ठरेल. खाते वीस मिनिटांत उघडले, ॲप देखणे होते, आणि शुद्ध मराठी बोलणारा एक रिलेशनशिप मॅनेजर रोज सकाळी साडेनऊला न चुकता फोन करत असे. माझ्या बँकेकडून इतक्या आपुलकीने मला कधी कोणी विचारलेले नाही. ॲप मात्र प्ले स्टोअरवर नव्हते. ते व्हॉट्सॲपवर एपीके फाईल म्हणून आले आणि उतरवून घेताना त्याने मेसेज वाचण्याची परवानगी मागितली, जी मी दिली. पुढे मॅनेजरने मेटाट्रेडर ५ हे सौदे करण्याचे सॉफ्टवेअर घ्यायला सांगितले, तेव्हा माझी खात्री अधिकच पटली, कारण ते सॉफ्टवेअर खरे आहे आणि जगभर वापरले जाते. येथे एक गफलत होते. मेटाट्रेडर बनवणारी कंपनी वेगळी आणि त्यावर दिसणारे भाव, शिल्लक व नफा ज्याच्या सर्व्हरवरून येतात तो ब्रोकर वेगळा. काटा नामांकित कंपनीचा असला म्हणून त्यात टाकलेली वजने खरी असतातच असे नाही, हे कापूस विकणाऱ्या आपल्या लोकांना निराळे सांगायला नको.

आता पैसे भरण्याविषयी, कारण माझ्या मते या सेवेचा सगळा खरेखोटेपणा तेथेच उघडा पडला होता. डिपॉझिटचे बटण दाबले की एक क्यूआर कोड येत असे आणि त्याची मुदत दहा मिनिटांची असे. पहिल्या वेळी मी तो स्कॅन केला तेव्हा ज्याला पैसे जाणार त्याचे नाव म्हणून परराज्यातील एका किराणा भांडाराचे नाव पडद्यावर आले. दुसऱ्या वेळी ती मोबाईल शॉपी होती, आणि सप्टेंबरमध्ये एका महिलेचे व्यक्तिगत खाते. मी विचारले तेव्हा मॅनेजर म्हणाला, "सर, हे आमचे लोकल पेमेंट पार्टनर आहेत, कंपनी परदेशी असल्यामुळे असे करावे लागते." त्यानंतर त्याने एक सूचना केली, ती मला शब्दशः आठवते: "फक्त रिमार्कमध्ये फॉरेक्स किंवा ट्रेडिंग असे काही लिहू नका, रिकामे सोडा." नोंदीखाली स्पष्टीकरण लिहू नका, असे मला माझ्याच विषयात कोणीतरी सांगत होते, आणि मी मान डोलावली.

सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाकडे, नोंदणी असलेल्या दलालांसाठी १ ऑक्टोबर २०२५ पासून पैसे स्वीकारण्याचा वेगळा यूपीआय पत्ता आला आहे. त्यात 'ॲट' या चिन्हानंतर 'व्हॅलिड' हा शब्द आणि बँकेचे नाव असते, तर चिन्हाआधी दलालासाठी 'बीआरके' ही अक्षरे असतात. दलालाचे यूपीआय आणि बँक खाते खरे आहे का, हे 'सेबी चेक' या सुविधेत ताडून पाहता येते. ही सोय मी पैसे भरले तेव्हा नव्हती. पण परकीय चलनाच्या दलालाचे पैसे किराणा दुकानाच्या खात्यात का जातात, हा प्रश्न पडायला कोणत्याही सोयीची गरज नव्हती.

पहिल्या भरण्याचे रुपयांतले गणितही पाहण्यासारखे आहे. बाजारात डॉलर सुमारे ८६ रुपयांना असताना माझ्याकडून तो ९१ रुपयांना आकारला गेला आणि १०,००० रुपयांचे १०९ डॉलर ८९ सेंट खात्यात दिसले. काढताना हाच दर ८४ धरला जाई. म्हणजे एकही सौदा न करता नुसते पैसे टाकून परत काढले, तरी शंभर रुपयांतले जवळजवळ आठ रुपये कमी होत होते. कमिशन शून्य आहे अशी ज्यांची जाहिरात असते, त्यांचा दर नेहमी असा दोन्ही बाजूंनी पाहावा.

लिव्हरेज १:५०० होते. सभागृहात हा आकडा एखाद्या बक्षिसासारखा सांगितला गेला, आणि समोरच्या पंचवीस वर्षांच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्याचा अर्थ असा की ५०० डॉलर ठेवून तुम्ही २,५०,००० डॉलरचा सौदा करू शकता. आणि तसा तो केलात तर भाव तुमच्या विरुद्ध ०.२ टक्के सरकला की तुमचे सगळे ५०० डॉलर गेले. युरो आणि डॉलरच्या भावात इतका फरक तर कोणत्याही साध्या दिवशी काही तासांत पडू शकतो. युरोपीय महासंघाच्या नियामकाने २०१८ साली किरकोळ ग्राहकांसाठी प्रमुख चलनजोड्यांवरील लिव्हरेज ३०:१ इतके मर्यादित केले ते याच कारणाने. ज्या ब्रोकरला ३०:१ ची मर्यादा पाळावी लागत नाही, त्याला दुसरी कोणतीही मर्यादा पाळावी लागत नाही असे मी आता समजतो.

स्प्रेडची, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या भावांतील अंतराची, माझी तक्रार नेमकी आहे. १७ सप्टेंबरच्या रात्री अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने व्याजदर पाव टक्क्याने घटवले तेव्हा स्प्रेड वाढला. अशा वेळी तो सगळीकडेच वाढतो, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. परंतु त्यानंतरच्या एका सोमवारी दुपारी, कोणतीही बातमी नसताना, युरो-डॉलरचा स्प्रेड काही सेकंदांसाठी १.४ पिपवरून १९ पिपवर गेला (पिप हे भावातील फरक मोजण्याचे बारीक एकक) आणि माझा अर्ध्या लॉटचा, म्हणजे ५०,००० युरोचा, सौदा स्टॉपलॉसवर, म्हणजे तोटा थांबवण्यासाठी आधी ठरवलेल्या भावावर, बंद झाला. अर्ध्या लॉटला एक पिप म्हणजे ५ डॉलर, तेव्हा नुसत्या अंतराचेच ९५ डॉलर झाले. आलेखावर त्या क्षणी खाली एक लांब शेपूट उमटलेली होती. मी तीच वेळ दुसऱ्या दोन ठिकाणच्या आलेखांवर काढून पाहिली, तर तेथे भाव त्या पातळीच्या जवळपासही गेलेला नव्हता. मॅनेजरला स्क्रीनशॉट पाठवले. त्याने खेद व्यक्त केला आणि तोटा भरून काढण्यासाठी 'रिकव्हरी प्लॅन' सुचवला, ज्यासाठी आणखी एक लाख रुपये लागणार होते. ऑगस्टमध्ये मी ७५,००० भरलेले होतेच. त्यावर हे लाख रुपयेही मी भरले.

हे का भरले, याचे उत्तर जुलैमध्ये आहे. पहिल्या आठवड्यात परीक्षा म्हणून मी ५० डॉलर काढण्याची विनंती केली होती आणि वीस मिनिटांत माझ्या पगाराच्या खात्यात ४,२०० रुपये जमा झाले होते. पैसे निघतात याचा पुरावा मिळाला, असे मी शालकालाही फोन करून सांगितले. वास्तविक हा पुरावा कसा तयार होतो हे त्या माणसाला माझ्याहून चांगले माहीत असायला हवे होते. त्याच्या वडिलांच्या वाडीत बाहेरून आलेल्या एका व्यापाऱ्याने केळीची पहिली गाडी भरली आणि बांधावर रोख पैसे मोजले, दुसरी भरली आणि पुन्हा रोख मोजले, मग एका दिवसात तीन गाड्या भरल्या, पैसे सोमवारी देतो म्हणाला, आणि सोमवारी त्याचा फोन लागला नाही. माझे सासरे ही हकीकत गेली पंधरा वर्षे येईल त्या पाहुण्याला सांगतात.

ऑक्टोबरच्या शेवटी ॲपमध्ये माझी शिल्लक ३,४१२ डॉलर दिसत होती. २,००० डॉलर काढण्याची विनंती केली, तेव्हा अकरा दिवस 'प्रलंबित' एवढेच उत्तर होते. मग केवायसी पुन्हा मागितले. मग सांगितले की बोनस घेतलेला असल्यामुळे ठरावीक लॉटचे सौदे पूर्ण व्हावे लागतील; बोनस मी मागितला नव्हता, तो आपोआप जमा झाला होता. शेवटी नोव्हेंबरमध्ये शिल्लक रकमेवर १८ टक्के कर आगाऊ भरा असा मेल आला, म्हणजे ६१४ डॉलर, त्यांच्या दराने सुमारे ५५,९०० रुपये. येथे मात्र मी थांबलो, कारण हा माझ्या विषयाचा भाग होता. आपल्याकडे कर एकतर देणाऱ्याने देय रकमेतून कापून सरकारजमा करायचा असतो किंवा आपण स्वतः आयकर खात्याकडे भरायचा असतो. स्वतःचेच पैसे सोडवण्यासाठी दलालाकडे नवे पैसे भरायचा कोणताही कर नाही. खात्यात ३,४१२ डॉलर आहेत तर त्यातूनच ६१४ कापून घ्या, असे मी लिहिले. त्या मेलला उत्तर आले नाही.

त्यानंतर जी शोधाशोध केली ती मी जुलैमध्ये केली असती तर अर्धा तास लागला असता. संकेतस्थळाच्या तळाशी ब्रिटनच्या वित्तीय नियामकाचा, म्हणजे एफसीएचा, परवाना क्रमांक छापलेला होता. एफसीएच्या नोंदवहीत तो क्रमांक सापडला, पण तो मिळत्याजुळत्या नावाच्या एका निराळ्याच कंपनीचा होता आणि तिचे संकेतस्थळ व फोन क्रमांक वेगळे होते. याला क्लोन म्हणतात. क्रमांक खरा निघाला म्हणून समाधान मानणारे पुष्कळ असतील. नोंदवहीत दिलेला संकेतस्थळाचा पत्ता आपल्या समोरच्या पत्त्याशी अक्षर न् अक्षर जुळतो का, हे पाहायचे असते. खाते उघडताना न वाचता मान्य केलेल्या करारात कंपनी सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडाइन्स या कॅरिबियन बेटांवर नोंदलेली असल्याचे लिहिले होते, आणि त्या देशाच्या वित्तीय प्राधिकरणाने तर आपण फॉरेक्स दलालांना परवाना देत नाही व त्यांच्यावर देखरेखही करत नाही असे जाहीरपणे सांगितलेले आहे. '२०११ पासून आपल्या सेवेत' म्हणणारा संकेतस्थळाचा पत्ता मार्च २०२५ मध्ये नोंदवलेला होता.

रिझर्व्ह बँकेने अनधिकृत फॉरेक्स मंचांची सावधगिरीची यादी प्रथम सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा तीत ३४ नावे होती; नोव्हेंबर २०२३ पर्यंत ती ७५ झाली आणि पुढेही वाढत गेली. आयपीएलमधील एका संघाच्या जर्सीवर मिरवलेले नावही तीत आहे, तेव्हा जाहिरातीवरून काही ठरवू नये. माझा ब्रोकर त्या यादीत नव्हता आणि मॅनेजर हे मोठ्या अभिमानाने सांगत असे. पण यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असा अर्थ घेऊ नये, हे रिझर्व्ह बँकेने स्वतःच स्पष्ट केले आहे. पाहायची ती दुसरी यादी, अधिकृत व्यक्तींची आणि अधिकृत इलेक्ट्रॉनिक मंचांची. वर्षाला २,५०,००० डॉलर परदेशी पाठवण्याची मुभा असल्यामुळे सगळे कायदेशीर आहे, हे मॅनेजरचे दुसरे आवडते वाक्य होते. त्या योजनेत मार्जिनसाठी, म्हणजे अशा सौद्यांसाठी ठेवाव्या लागणाऱ्या अनामत रकमेसाठी, पैसे पाठवण्यास परवानगी नाही, हे तो सांगत नसे.

मग कायदेशीर मार्ग कोणता, असे महाविद्यालयातील दोन सहकाऱ्यांनी मला विचारले. राष्ट्रीय शेअर बाजारासारख्या मान्यताप्राप्त बाजारात सेबीकडे नोंदलेल्या दलालामार्फत डॉलर, युरो, पौंड आणि येन यांचे रुपयाशी सौदे करता येतात. परंतु ३ मे २०२४ पासून रुपयाच्या या सौद्यांमागे प्रत्यक्ष चलनजोखीम, म्हणजे परकीय चलनातले खरे देणे-घेणे, असणे आवश्यक आहे, ठरावीक मर्यादेपर्यंत तिचा कागद दाखवावा लागत नसला तरी. निर्यात करणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. पगारावर जगणाऱ्या माझ्यासारख्याला दररोजची कमाई म्हणून त्यात काही नाही, आणि ते तसे आहे म्हणून विकणारा माणूस नेमके काय विकतो आहे हे त्यालाच विचारावे.

कर भरण्यास नकार दिल्यावर मॅनेजरचा सूर बदलला. "सर, तुम्ही शिक्षक आहात, फेमाखाली तुमच्यावरच कारवाई होईल," असे तो म्हणाला. या धमकीत अर्धे सत्य असल्यामुळे ती चालते. फेमा म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायदा, आणि १९९९ च्या त्या कायद्यानुसार अनधिकृत मंचावर व्यवहार करणाराही दंडास पात्र ठरू शकतो आणि दंड रकमेच्या तिप्पट इतका असू शकतो. या भीतीने मी आठ दिवस घालवले. नंतर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तेव्हा पलीकडच्या महिला कर्मचाऱ्याने फेमाचे नावही काढले नाही; प्रत्येक व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक, तारीख, रक्कम आणि बँक एवढेच तिने विचारले, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण करायला सांगितली. माझ्या पैशांपैकी ६,४०० रुपये एका खात्यात अडकवता आले आहेत. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत फोन झाला असता तर आकडा वेगळा दिसला असता. रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' या पोर्टलवरही मी माहिती दिली.

शालकाला आयबी, म्हणजे ग्राहक आणणारा दलाल, म्हणून माझ्या प्रत्येक लॉटमागे कमिशन मिळत होते, मी कमावो की गमावो. त्याला ते फक्त पडद्यावर दिसले, ६१ डॉलर, आणि काढता आले नाही. दिवाळीनंतर तो आमच्याकडे आलेला नाही.

डिसेंबरमध्ये पगार जमा झाला आणि यूपीआय चालेना. बँकेत गेलो तेव्हा कळले की परराज्यातील सायबर पोलिसांच्या सूचनेवरून माझ्या खात्यातील ४,२०० रुपयांवर लीन, म्हणजे ती रक्कम वापरण्यास अटकाव, लावलेला आहे. जुलैमध्ये ज्या खात्यातून मला ते पैसे आले, ते एका मोबाईल शॉपीचे होते आणि त्या खात्यात आलेले पैसे दुसऱ्या कोणा फसवल्या गेलेल्या माणसाचे होते. मला मिळालेला पुरावा त्याच्या तक्रारीतील मुद्देमाल ठरला. तपास अधिकाऱ्यांना मी ईमेलने सर्व कागद पाठवले, दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. अतिशय शांतपणे त्यांनी विचारले, "सर, त्या दुकानाला तुम्ही ४,२०० रुपयांचे काय विकले होते?"